लाल दोऱ्याची पुडी

हसू नका मित्रांनो, पण दगडालाही कधीकधी उड्या माराव्याशा वाटतात. मी कर्जतच्या गहिनीनाथ वैद्यांचा जुना खल आहे. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. मग वर्षानुवर्षे माझ्या पोटात शतावरी, अशोकाची साल आणि कसल्या कसल्या मुळ्या कुटून निघाल्या. लोक म्हणत, "वैद्यबुवांच्या हाताला गुण आहे." खलाचे नाव कुणी घेईल तर शपथ! पुढे गावात इंजेक्शने आली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

एकाहत्तर साली नगरहून डॉक्टर पुष्पावती आल्या आणि माझे दिवस पालटले. काही बायकांना महिनोन्महिने पाळी येत नाही, बीजकोशावर बारीक गाठी होतात, मूल राहत नाही. त्याचा त्या अभ्यास करत होत्या.

"चीनमधले डॉक्टर जुनी झाडपाल्याची औषधं दवाखान्यात तपासून बघतात म्हणे," त्या म्हणाल्या. "आपणही तुमचं चूर्ण तपासू."

"चीनचं नाव काढू नका बाई! लढाई अजून इसरलो न्हाई," वैद्य गुरगुरले. "आन माझ्या चूर्णाला परीक्षा कशापायी?"

पण दारात चांगुणा उभी होती. तिला हेच दुखणे होते आणि तिची सासू मुक्ताबाई मुलासाठी दुसरी सोयरीक बघायला पाथर्डीला जाऊन आली होती. वैद्यांनी चांगुणाकडे पाहिले आणि मुकाट्याने बत्ता उचलला. काय सांगू, माझा आनंद पोटात मावेना!

पुष्पावतींनी आसपासच्या वाड्यांतून हेच दुखणे असलेल्या बायका जमवल्या. निम्म्यांना चूर्णाच्या पुड्या, लाल दोऱ्याच्या. निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या भाजलेल्या पिठाच्या, पांढऱ्या दोऱ्याच्या. कशात काय आहे ते बायकांना सांगायचे नाही, म्हणजे गुण चूर्णाचा की नुसत्या विश्वासाचा ते कळेल. ते पीठही माझ्यातच कुटले! मला असा राग आला म्हणता!

काही महिन्यांनी बायका सांगायला आल्या; सुनेबरोबर मुक्ताबाईही आली. चांगुणाला पाळी आली होती! तिच्या शेजारच्या बानूलाही! वैद्यांची छाती फुगली. पुष्पावती मात्र गोंधळल्या, कारण बानूची पुडी पांढऱ्या दोऱ्याची होती.

"अवं, लाल म्हंजी कुंकवाचा रंग. तीच चांगली असनार," चांगुणा म्हणाली. "शेजारनीला सोडून एकटीनं कसं गिळायचं? आमी समद्यांनी लाल-पांढरी एकात कालवली आन वाटून घेतली."

पुष्पावतींनी नोंदींची वही मिटली. पाळी औषधाने आली की आपोआप, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते.

"परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल," अखेर त्या म्हणाल्या. "आता एका वाडीला एकच दोरा, म्हणजे कालवायला दुसरी पुडीच नसेल. पण चांगुणा, तुला घाई आहे. तू परीक्षेबाहेर राहा, तुला खरं औषध देते."

"खरं कुठलं, ते तुमाला तरी कुठं ठावं हाय?" चांगुणा म्हणाली. "मी पुन्यांदा परीक्षेला बसते. वाट्याला येईल ते घेते. माझ्यामागून येनाऱ्या पोरींना तरी कळू द्या." मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, तवर तेवढं थांबा."

खांबाला टेकलेली मुक्ताबाई पदर खोचत पुढे आली.

"सरका वैद्यबुवा," ती म्हणाली. "परीक्षा व्हईस्तवर सोयरीक बंद. आन कुटायचं काम माझं. बघतेच आता कोन कालवाकालव करतंय!"

मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना देव्हाऱ्यात बसवू नका आणि उकिरड्यावरही फेकू नका. आम्हांला कामाला लावा आणि निकाल विचारायला कचरू नका. त्या दिवशी मुक्ताबाई घामाघूम होऊन कुटत राहिली आणि तिच्या मांडीला मांडी लावून चांगुणा शतावरी निवडत बसली.