चतुराचा नंबर

आमची चतुरा एमबीबीएस झाली तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय. पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा परीक्षा. मार्क चांगले तर एमडीची जागा, नाहीतर बसा जन्मभर सर्दी-खोकला बघत. पोरगी औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत चार पर्यायांतून एक निवडत बसली. इंटर्नशिपलासुद्धा वॉर्डात तोंड दाखवायचं आणि अभ्यासिका गाठायची. सगळेच असं करतात, म्हणाली. मार्क मात्र झकास पडले.

जागांची यादी शनिवारी लागणार होती. माझी बायको आशा खुलताबादच्या मारुतीला बोलली होती, यादी लागेपर्यंत तोंडात काही घालणार नाही. मी पेढे आधीच आणून ठेवले होते. बाजारात तुरी, म्हणून तिनं मला झाडलं.

शनिवारी दुपारी ती ओट्यापाशी बसली ती आडवीच झाली. अंग घामानं थबथबलेलं. मला ओळखेना.

“चतुरा, बघ गं आईला काय झालं.”

चतुरानं नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. “हृदयाचं असंल, का मेंदूचं...” ते ऐकून मी खरा भ्यालो.

“तू डाक्टर हायेस ना?”

“अण्णा, थांबा जरा. काहीबी असू शकतं.”

मी रिक्षावाल्याला फोन लावला. तेवढ्यात चतुराला ओट्यावर गोळ्यांचं पाकीट दिसलं. “डायबेटीसची गोळी घेतली का हिनं सकाळी?”

“व्हय. उपास असला म्हणून दवा कशी चुकवंल ती?”

“साखर उतरली हिची!” चतुरा साखरेच्या डब्याकडं धावली. आईला टेकवून बसवलं, चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजलं. “गिळ आई, गिळ.” हळूहळू आशाची नजर जागेवर आली. पहिलं काय विचारावं बाईनं?

“लागला का नंबर?”

रिक्षेची वाट बघता बघता चतुरानं मोबाइल पाहिला. लागला होता. मेडिसिन, इथंच. मी रडत रडत पेढा पुढं केला. तिनं घेतला नाही.

“अण्णा, हाच प्रश्न पेपरात आला होता. बरोबर सोडवला मी.”

“मग झालं की.”

“तिथं लिहिलेलं होतं, बाईला डायबेटीस आहे, सकाळी गोळी घेतली, जेवली नाही. इथं कुणीच सांगितलं नाही.” ती भिंतीला टेकून खाली बसली. “पुढच्या आठवड्यात अख्खा वॉर्ड माझ्याकडं. मला लई भीती वाटती.”

तुझे मार्क किती चांगले हायेत, असं म्हणणार होतो, पण पेढ्यांचा डबा झाकला आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो.