सुमीच्या नावाचं पान

त्या सकाळी अंगणात कोमलच्या तोंडाची वाटणी चालली होती. हळद वाळत घातली होती, तिच्या कडेला बसून बायका मोबाईलमधला फोटो एकमेकींच्या हातात देत होत्या.

"नाक उकंडरावाचं. बराबर तेच."

"उंची सरदाराची. आपल्यात एवढी ताडमाड पोरगी न्हाई होत."

"अन् डोळे?"

"बापाचे. बाप तिकडं मेघालयातला, ख्रिस्ती."

"म्हंजे आपल्या वाट्याला निस्तं नाकच आलं म्हणा की!" चांगुणा म्हणाली. सगळ्या हसल्या.

सुमनबाई हसल्या नाहीत. मालिकेत काम करणारी ही तेवीस वर्षांची पोरगी त्यांच्या सख्ख्या बहिणीची, मिराची नात. मिरा नांदेडला दोन वर्षांपूर्वी वारली. नात आता नानीचं गाव बघायला येणार होती. वैजनाथनं, सुमनबाईंच्या भाच्यानं, 'गावची नात, गावची शान' असा फ्लेक्स फाट्यावर लावला होता. त्याचा बाप उकंडराव, म्हणजे या दोघी बहिणींचा भाऊ. सिद्धेश्वरच्या कालव्यावर ट्रक चालवणाऱ्या धर्मसिंग सरदाराबरोबर मिरा निघून गेली, तेव्हा याच उकंडरावानं सुतकातल्यासारखं स्वतःचं डोकं भादरलं होतं. घरानं जिवंत पोरीच्या नावानं अंघोळ केली, दहावं घातलं, तेराव्याला गाव जेवलं. सुमन तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनंच पत्रावळी मांडल्या होत्या.

आज त्यांना पोरीला एकच विचारायचं होतं. मिरानं कधी माझं नाव काढलं का? काढलं असेल, तर सांगायचं, मीच ती.

दहा वाजता हार, हलगी आणि सगळ्या बायका घेऊन वैजनाथ फाट्यावर गेला. गुडघ्यामुळे सुमनबाई मागे राहिल्या. गाडी मात्र औंढ्याकडून, मागच्या रस्त्यानं आली आणि थेट अंगणाशी थांबली. कोमल एकटीच उतरली. साधा ड्रेस, पायात चपला. फोटोतल्यापेक्षा बारीक दिसत होती.

"आजी, उकंडरावांचं घर हेच का?"

पोरीचे शब्द अडखळत होते, पण सूर मिराचा होता, वाक्याच्या शेवटी तसाच वर जाणारा.

"हेच. बस, माय. फाट्यावर गेले सगळे तुला आणाया."

कोमल ओसरीवर टेकली. पाणी प्याली. "तुमी माझ्या नानीला ओळखत होता?"

"व्हय." सुमनबाईंनी पदर सारखा केला. "काय सांगायची ती इथलं?"

"कमी सांगायची. सुमीचं मात्र सांगायची. तिची लहान बहीण. पितरपाटात नानी तिच्या नावाचं पान वाढायची. कढी, वडे, गवारीची भाजी. सरदारांच्या घरात असलं कोणी करत नाही, नाना चिडायचे. पण पन्नास वर्षं तिनं सोडलं नाही."



"कशानं मेली ती सुमी?" सुमनबाईंनी विचारलं.

"आजारानं नाही. नानी म्हणायची, सुमी विहिरीवर मेली, मी डोळ्यानं बघितलं. पडली असेल." कोमलनं त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर हात ठेवला. "तुमाला आठवते का ती?"

विहीर सुमनबाईंना आठवत होती. तेराव्यानंतर दोन वर्षांनी मिरा आली होती, कडेवर लेकरू घेऊन. त्यांच्या डोक्यावर घागर होती आणि बांधावर उकंडराव उभा होता. मिरा म्हणाली, "सुमे, बघ तरी भाचीला." त्या म्हणाल्या, "माझी बहीण मेली. मी जेवले तिच्या तेराव्याला." मिरा लेकराला दुसऱ्या कडेवर घेऊन चालू लागली.

"आजी?"

"आठवते," सुमनबाई म्हणाल्या. "बराबर सांगितलं तुझ्या नानीनं. मेली ती तिथंच."

तेवढ्यात हलगी वाजत आली. वैजनाथ धापा टाकत अंगणात शिरला, हातात हार. "अरे, म्याडम इथंच! अन् सापडल्या पण बराबर माणसाला! ही आमची सुमनआत्या. तुमच्या नानीची सख्खी बहीण, घरात सुमी सुमी म्हणायचे तीच!"

कोमलनं हात काढून घेतला. सावकाश, कुणाच्या लक्षात येऊ नये असा.

"तुमी जिवंत होता?"

सुमनबाईंनी मान हलवली.

"नांदेड किती लांब आहे इथून?"

"अडीच तास," मधेच वैजनाथ उत्साहानं म्हणाला. "दिवसभर गाड्या हायेत, काई तकलीफ न्हाई."

"मग आला का नाहीत? शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती."

उकंडराव मरूनही वीस वर्षं झाली होती. त्यानंतर कुणी अडवलं नव्हतं.

"फोटो, फोटो!" वैजनाथ ओरडला. "आजी-नातीचा घ्या आधी!"

बायकांनी दोघींना शेजारी उभं केलं. समोर दहा मोबाईल वर झाले. कोमल लगेच हसली, टीव्हीवर हसायची तशी, अगदी डोळ्यांपर्यंत. तिनं सुमनबाईंच्या मागून हात नेला आणि खांद्यावर ठेवल्यासारखा केला. चांगुणा म्हणाली, माय, किती शोभतंय. सुमनबाई ताठ उभ्या होत्या. खांद्यावर काहीच टेकलेलं नव्हतं.