माझ्या समासातली बाई

मी एक पोथी बोलतेय. रोमच्या उत्तरेला, उंब्रियाच्या डोंगरात साध्वींचा एक लहानसा मठ आहे, तिथल्या ग्रंथखोलीतली. मेंढ्यांच्या कातड्यांची माझी पानं. आग्नेसे नावाच्या सिस्टरने तीन हिवाळे बसून माझ्यावर पोपांची यादी लिहिली. कोण कधी गादीवर आला, किती वर्षं राहिला, कधी वारला. एवढंच. मी तशी रुक्ष पोथी.

आग्नेसे गेल्यावर साठेक वर्षांनी एक फिरता धर्मोपदेशक मठात उतरला. त्याने जेवणघरात एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी एका तरुण सिस्टरने मला उघडलं आणि चौथे लिओ या पोपांच्या पानाच्या खालच्या समासात, तपकिरी शाईने, घाईघाईत लिहिलं : "असं म्हणतात, की लिओंच्या नंतर एक बाई पोप झाली. पुरुषाच्या वेशात शिकली, विद्वान ठरली. दोन वर्षं सात महिने गादीवर होती. मिरवणुकीत भर रस्त्यात तिला मूल झालं, आणि ती तिथेच मेली." तिचं नाव मला कळलं नाही.

त्यानंतर माझी यादी कुणी वाचलीच नाही. सगळ्यांना तेच पान हवं. बोटांच्या तेलाने त्याचा कोपरा पिवळा पडला.

माझी धास्ती सुरू झाली ती सिस्टर ओर्तेन्सियाच्या काळात. ग्रंथखोलीची किल्ली तिच्याकडे होती. तेव्हा आल्प्सपलीकडचे, पोपांना न मानणारे बंडखोर पंथाचे लोक हीच गोष्ट छापून रोमची टर उडवत होते. मठात रोमहून निरोप आला : फादर सिल्वेस्त्रो जुन्या पोथ्या तपासायला येत आहेत, ऑलिव्ह उतरवून झाले की पोहोचतील.

त्या दिवशी ओर्तेन्सियाने मला स्वयंपाकघरात नेलं. म्हातारी सिस्टर युफ्रासिया हरभरे निवडत बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण ते पान तिला तोंडपाठ होतं.

"लपव तिला," युफ्रासिया म्हणाली. "पिठाच्या कोठीत घाल. तिथे कोण बघतंय?"

"आणि सापडली तर? मठाला टाळं लागेल, आजी. आणि मुळात ही गोष्ट खोटी आहे."

"खोटी? आली मोठी शहाणी!"

"शाई बघा ना. यादीची काळी, हिची तपकिरी. मागाहून कुणीतरी घुसडलंय."

"मला शाई दाखवू नकोस. पन्नास वर्षं मी त्या बाईच्या आत्म्यासाठी रोज माळ ओढतेय. रस्त्यात बाळंत झाली गं ती! कुणी पाणीसुद्धा पाजलं नाही."

मला छातीशी धरून ओर्तेन्सिया परत आली. तिचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या लाकडी पुठ्ठ्याला जाणवत होतं.

फादर सिल्वेस्त्रो उंच, सर्दीने बेजार झालेले गृहस्थ होते. त्यांनी पान काढलं, वाचलं आणि खिशातून पातं काढलं. कातड्यावरची शाई खरवडायचं पातं. त्याची थंडगार धार माझ्या समासावर टेकली.

"थांबा, फादर!" ओर्तेन्सिया म्हणाली. मठाच्या प्रमुख, मदर, दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"या भाकडकथेवर विश्वास आहे तुझा?" फादरांनी विचारलं.

"नाही, म्हणून तर थांबा म्हणते. हे बघा. लिओ जुलैमध्ये वारले. सप्टेंबर संपताना बेनेडिक्ट गादीवर आले. मध्ये दोन महिने. त्यात दोन वर्षं सात महिने कुठे बसवणार?"

फादरांनी नाक पुसलं. "मग खरवडू दे की. खोटंच आहे ना?"

"खरवडलंत तर डाग राहील. उद्या कुणीही म्हणेल, इथे खरं होतं, रोमने पुसलं. राहू द्या. वेगळी शाई, वेगळं अक्षर, ते 'असं म्हणतात', हाच तर पुरावा आहे."

"एका साध्वीने मला शिकवायचं?"

"चुकत असेन तर तसं सांगा, फादर."

ते बराच वेळ माझ्याकडे वाकून पाहत राहिले. यादीवरून समासात, समासातून यादीवर. मी अख्ख्या अंगाने आक्रसले होते. शेवटी त्यांनी पातं मिटलं.

"सुईदोरा आणा," ते म्हणाले. "हे पान पुढच्या पानाला शिवून टाका. पुसायचं नाही, वाचायचंही नाही. आणि ही सिस्टर फार बोलते. हिच्याकडे किल्ली नको."

टाके ओर्तेन्सियालाच घालावे लागले. दुसऱ्या दिवसापासून ती धुण्याच्या घरात गेली.

त्यानंतर चौथ्या वर्षी युफ्रासियाने अंथरूण धरलं. तिने मला उशाशी मागितलं, आणि मदरनी दिलं. ओर्तेन्सिया धुण्यावरून धावत आली. राखेच्या पाण्याने तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या.

"खरं सांग," म्हातारी म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून नको. होती का गं ती?"

मला वाटलं, हो म्हण. जाताना एवढं तरी दे तिला.

"नव्हती, आजी."

म्हातारीचा हात माझ्या पुठ्ठ्यावरून घसरला. "मग पन्नास वर्षं मी कुणासाठी माळ ओढली?"

ओर्तेन्सियाने तो हात उचलून आपल्या भेगाळलेल्या हातात घेतला. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण रस्त्यात बाळंत होऊन मेलेल्या खूप असतील. त्यांच्यासाठी कुणी ओढली नसेल."

युफ्रासियाने मान डोलावली. मग दोघींनी मिळून माळ ओढली.

त्या दोघी जाऊन आता खूप काळ लोटलाय. कसर लागून टाक्यांचा दोरा कुजत आलाय. आज ना उद्या तो तुटेल, याच घोरात मी असते. जो उघडेल तो नुसता समास वाचून, खरं मानून गावभर सांगत सुटेल, की नुसती यादी वाचून त्या गोष्टीला हसेल? बाबांनो, माझं पान उघडलं तर थोडं थांबा. दोन्ही शाया उजेडात धरून बघा. आणि वाचून झालं की पान हळू मिटा. कुणीतरी फार जीव लावला होता त्याला.