हेडलीचा व्होल्टवाला

मी बोलतोय ते नोरीनच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून. इथं सुतळी आहे, जुन्या किल्ल्या आहेत, आणि मी आहे: स्टीलची एक नळी, तळाशी फिरणारी चकती, पोटात बॅटरी. लोक मला व्हेप म्हणतात आणि सिगारेटऐवजी ओढतात. माझ्यातली धुगधुगी आता संपत आलीय, म्हणून सांगायचं ते आत्ताच सांगतो.

जन्म माझा शेन्झेनचा. निळ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या भराभर चालणाऱ्या हातांनी मला जोडलं. तिथून जहाजानं इंग्लंडात आलो, आणि फ्लीटवूडच्या बाजारात लिनेटच्या गाळ्यावर काचेआड उभा राहिलो. समुद्राकाठचं गाव. थंडीत गिऱ्हाईक कमी, वारा जास्त.

एक दिवस नोरीन नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. हेडली रिमर. आइस्क्रीमची गाडी चालवायचा, आणि नोरीन गाडीच्या खिडकीतून कोन विकायची. पोरवयापासून सिगारेट ओढणारा माणूस. डाव्या पायातल्या रक्तवाहिन्या बुजत चालल्या होत्या. दहा पावलं चालला की पोटरीत कळ यायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ऑपरेशन करून रक्ताला नवी वाट काढून देते. पण धूर सुटला नाही, तर तीही बुजेल. मग पाय राहणार नाही." आणि डावा पाय गेला म्हणजे क्लच गेला, क्लच गेला म्हणजे गाडी गेली.

सिगारेट सोडवायला निकोटिनच्या पट्ट्या झाल्या, च्युइंगम झाले. काही उपयोग झाला नव्हता.

"बघ हेडली," लिनेट म्हणाली, "यात दोन जाती. हा व्होल्टवाला. विजेचा जोर किती लावायचा ते तू चकती फिरवून ठरवायचं. आणि हा डबा, वॅटवाला. कॉइल कुठली बसवलीय ते हा स्वतः मोजतो, आणि आच तेवढीच राहील असा जोरही हाच कमी-जास्त करतो."

"म्हणजे माझ्यापेक्षा शहाणा," हेडली म्हणाला. "तशी एक आहे घरात. दुसरी नको."

नोरीननं त्याला कोपरानं ढोसलं. पण हसली. आणि मी त्याच्या खिशात गेलो.

कॉइल म्हणजे माझ्या डोक्यावरच्या टाकीतली तारेची बारीक गुंडाळी. मी वीज सोडली की ती तापते आणि भोवतीच्या कापसातल्या रसाची वाफ होते. कापूस करपला की ती बदलायची. लिनेटनं माझी चकती नेमक्या जागी लावून दिली. हेडलीनं ती हलू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली आणि म्हणाला, "हं. आता हिला देवाचाही हात लागायला नको."

मी औषध नाही, हे मला ठाऊक आहे. पण तल्लफ आली की तो मला मुठीत धरायचा, आणि सिगारेट राहून जायची. हळूहळू त्याचं नाक उघडलं. एकदा गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "नोरीन, अगं व्हॅनिलाचा वास येतोय!" "इतकी वर्षं येतच होता, म्हाताऱ्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवून काउंटर पुसायला लागली. काउंटर स्वच्छच होता. ऑपरेशनची तारीख ठरली.

त्याच आठवड्यात कॉइल करपली. लिनेटचा गाळा बंद होता. नोरीननं बस धरली आणि दुसऱ्या गावातल्या दुकानातून कॉइल आणली. दिसायला अगदी तशीच. "बसतेय ना? झालं तर मग," ती म्हणाली.

बसली. पण ती वेगळी होती. आधीची तार विजेला बराच अडवायची. ही तिला सरळ आत घ्यायची. मला त्यातलं काय कळणार? मी व्होल्टवाला. चकतीवर जेवढा जोर, तेवढा लावायचा. समोर कोण आहे ते बघायला मला डोळे नाहीत. हेडलीनं बटण दाबलं आणि मी नेहमीसारखा जोर लावला. तार भडकली, कापूस जळाला, आणि तो जळका घोट त्याच्या घशात गेला.

खोकून खोकून त्याचे डोळे पांढरे झाले. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं मला भिंतीवर भिरकावलं.

"जळका चुना पाजतंय मला!"

"उद्या लिनेटला दाखवू. एक दिवस काढ, हेडली. एकच."

"तू काढ! तुला कळतं तरी का, आत काय होतंय ते?"

नोरीन दारात आडवी उभी राहिली. "तुझा पाय जाईल रे."

"जाऊ दे! हे असं जगण्यापेक्षा कापून टाका म्हणावं!"

त्यानं तिला बाजूला सारलं. लंगडत गेला. परतला तेव्हा त्याच्या कोटाला तो जुना वास होता. बशीत वाढलेले मासे-बटाटे नोरीननं तसेच झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो गोड बोलला. "एकच ओढली, बाई. पुन्हा नाही." पण ऑपरेशनच्या आधी नर्सनं त्याला एका नळीत फुंकायला लावलं. वाफेनं त्या यंत्राचा आकडा चढत नाही, धुरानं चढतो. तो चढला. ऑपरेशन पुढं ढकललं.

नोरीन मला घेऊन तणतणत लिनेटकडे गेली. "चांगलं खोटं यंत्र गळ्यात मारलंस!"

लिनेटनं मला उघडलं आणि कॉइलवरचा आकडा वाचला. "यंत्र ठीक आहे, नोरीन. गॅस तेवढाच मोठा ठेवून जाड पातेल्याऐवजी पातळ ठेवलं, तर दूध करपणारच ना? ही कॉइल लावल्यावर चकती खाली आणायला हवी होती." मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "कुणी आणली ही?"

नोरीन गाळ्यासमोरच्या स्टुलावर बसली. "मी," म्हणाली, आणि गिऱ्हाइकांच्या त्या गलक्यात तोंडावर हात धरून रडली. जाताना तिनं वॅटवाला डबा नेला.

पण पायाचं दुखणं थांबलं नाही. अंगठा काळा पडला, काळेपणा वर चढला. नवी तारीख येण्याआधीच हेडलीला अँब्युलन्समधून न्यावं लागलं. डावा पाय गुडघ्याखाली कापला.

मी नोरीनच्या पर्समध्येच होतो. तो शुद्धीवर आल्यावर नोरीन खाटेशी वाकली. "हेडली, ती कॉइल चुकीची होती. मी आणली होती. माझ्यामुळं झालं रे हे."

त्याचा आवाज फाटला होता. "वेडी का तू? घसा जळाला कॉइलनं. सिगारेटच्या दुकानात कोण गेलं? मीच गेलो ना. चालत. त्याच पायानं."

तिनं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

आता गाडी विकली गेलीय. हेडली खिडकीशी बसून वॅटवाला ओढतो. सिगारेटला शिवत नाही. पण दुसऱ्या पायातही कळा सुरू झाल्यात, आणि डॉक्टरीणबाई पूर्वीसारख्या पटकन बोलत नाहीत. तो नवा डबा कॉइल स्वतः मोजतो, आच स्वतः सांभाळतो. कुणी काही बघायची गरज नाही. तरी नवी कॉइल आली की नोरीन ती उजेडाशी नेते, भिंग लावून आकडा वाचते, पुन्हा वाचते. मग हेडलीला विचारते, "ठीक आहे ना रे? जळत नाही ना?" प्रत्येक झुरक्याला विचारते. तो प्रत्येक वेळी "नाही गं" म्हणतो.

तिनं मला टाकलं नाही. कधी ड्रॉवर उघडते, माझ्याकडे बघते आणि बंद करते.

मला तिच्याशी बोलता येत नाही. हेडलीनं सांगून पाहिलं, लिनेटनंही सांगितलं. आता तुमच्यापैकी कुणी त्या घरावरून गेलात, तर एकदा दार वाजवा. तिला म्हणा, बाई, तू बस धरून गेलीस ती त्याच्यासाठीच गेलीस. तेवढं सांगा. मग मला खुशाल घेऊन जा, जिथं जुन्या बॅटऱ्या देतात तिथं द्या.