नवेगावच्या पाण्याकडे तोंड करून

मी भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या एका दुकानामागे गंजत उभी असलेली गाडी बोलतेय. येत्या आठवड्यात मला तोडणार आहेत. त्याआधी एकदा बोलून घेते.

आधी मी सरकारी होते. गावोगाव फिरून पडद्यावर सिनेमा दाखवायचा, हे माझं काम. आसगावला, लाखांदूरला लोक पोती अंथरून माझ्यासमोर बसत. मग मी म्हातारी ठरले आणि लिलावात दुकानदार मधुकररावांनी मला घेतलं. त्यांनी आत दोन फळ्यांचे पलंग ठोकले, स्टोव्हला जागा केली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. पोरांना समुद्र दाखवायचा, असं त्यांच्या मनात होतं. चार वर्षांची शकुन आणि दोन वर्षांचा धनीराम माझ्या पायरीवर बसून दिवसभर "समुंदर, समुंदर" करत.

पण तेवढा पल्ला मला झेपणारा नव्हता. शेवटी नवेगावच्या तलावावर जायचं ठरलं. ताराचंद मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं.

"भाऊ, हातब्रेकची तार विरली आहे. बदलून घ्या."

"वापस आल्यावर पाहू. नवेगावलेच तं जाऊन राहिलो."

तार आतून उसवत होती. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला?

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. तलावाचा पलीकडचा काठ उन्हात दिसेना. मधुकररावांनी मला उतारावर, पाण्याकडे तोंड करून उभं केलं.

"असं तोंड काहून ठेवलं जी?" त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी विचारलं.

"पोरायनं डोळे उघडले का समोर समुद्र दिसला पाहिजे."

"मले नाही गमून राहिलं. जरा मागं घ्या."

"गिअरमधी आहे. हालत नाही."

दोन दिवस पोरं चिखलात लोळली, शिंपले वेचून माझ्या पायरीवर मांडत बसली. मधुकरराव इतके हसलेले मी कधी पाहिले नव्हते. कौशल्याबाई मात्र पाण्याला जाता-येता माझ्या चाकांकडे बघायच्या. पाणी अगदी स्थिर होतं, आणि माझा सगळा भार त्याच्याकडे ओढत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधुकरराव दूध आणायला गावात गेले. धनीराम माझ्यात, पलंगावर झोपलेला. कौशल्याबाई बरोब्बर माझ्यासमोर, काठाशी बसून पाण्याचा मोठा पितळी हंडा, आमच्याकडचा गुंड, घासत होत्या. शकुन ड्रायव्हरच्या सीटवर चढली. तोंडानं घुर्र आवाज काढत तिनं गिअर दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव लावून ओढला.

गिअर सुटला. तारेनं क्षणभर धरून पाहिलं, मग तीही तुटली.

खडी कुरकुरली तशी कौशल्याबाईंनी मागे वळून पाहिलं. बाजूला व्हायला त्यांना वेळ होता. त्या झाल्या नाहीत. गुंड त्यांनी माझ्या चाकाखाली रेटला, हातानं सरकेना तेव्हा पायानं रेटला. गुंड चेपला. त्याबरोबर पायही. माझा वेग मोडला आणि मी दिव्यांपर्यंत पाण्यात जाऊन गाळात रुतले.

त्या पाण्यातून सरपटत आल्या, दार उघडलं. धनीराम रडत होता. शकुन हसत होती.

"आई, मी गाडी चालवली."

बाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. "तू नाही चालवली. तू झोपली होती. ऐकलं का?"

मधुकरराव आले ते दूध टाकून धावतच. त्यांनी माझ्याखाली हात घातला, तारेचं तुटलेलं टोक त्यांच्या हाती लागलं, आणि ते तसेच पाण्यात बसले. बाईंनी शकुनला जवळ ओढून घेतलं.

पाय पुन्हा सरळ झाला नाही. मधुकररावांनी मला इथं आणून लावलं. त्यानंतर कधी चालवलं नाही, विकलंही नाही. पोरांना कुठं फिरायला नेलं नाही. घरात मोठ्यानं बोलणंही सोडलं.

यंदा शकुन तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. माझ्या दाराशी टेकून ती म्हणाली, "बाबा, वेळेवर तार बदलली असती तं आईचा पाय वाचला असता."

पंधरा वर्षांत हे कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं.

"हो बेटा," मधुकरराव म्हणाले. "माहीच चुकी."

कौशल्याबाई उंबरठ्यात उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी नवऱ्याच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं, मग शकुनच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाकडे.

"भात निवून राहिला," त्या म्हणाल्या, आणि लंगडत आत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भंगारवाल्याला बोलावणं धाडलं.

तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही त्या घरचे नाही. भंडाऱ्यात कधी त्या दुकानात गेलात, तर गल्ल्यावर मान खाली घालून बसलेले गृहस्थ दिसतील. भांडी बघा, भावताव करा. त्यांच्याशी दोन शब्द मायेनं बोला. हे मात्र बोलू नका.