बसायला मालकाचा फोटो

सोलापुरात त्या साली मिलच्या फुटबॉल टीमवर लोकांचा जीव होता आणि टीमच्या मालकावर राग. पण राग सगळा पोटातच. गोलकीपर सिदूचा खेळताना पाय मोडला, तर मालकानं त्याला टीममधनंच काय, मिलमधनंही काढला. मग तोंड कोण उघडतंय?

आता मालकाला टीमच्या मैदानावर कापसाचं गोदाम बांधायचं होतं. खुंट्याही ठोकून झाल्या होत्या. धास्ती एवढीच, की लोक बिथरून संपावर बसतील. म्हणून त्यानं जॉबरला, म्हणजे मिलच्या मुकादमाला, लोकांचं मन बघायला लावलं. जॉबरनं खात्यात माणसं उभी केली. "गोदामाला कुणाची ना हाय? हात वर करा." कुणाचा हात वर होतोय? "समदे खुश हायती, मालक," असा निरोप गेला.

चांदसाब पखालीनं हे ऐकलं. बारा वर्षं तो त्या मैदानावर पाणी मारत होता. मैदान गेलं तर तो पाणी मारणार कुठं, गोदामात? त्यानं जॉबरलाच गाठलं.

"सायेब, रविवारी म्याचला मालक येनार. त्येंचा फोटो छापून वाटा की लोकांस्नी. हातात धरतील, मालक लई खुश."

"तुला रं काय पडलंय त्येचं?"

"मला काय. मालक खुश तर तुमी खुश."

"वाटू. पन धुरळा उडू देऊ नगं. मालकाला खोकला हाय."

"त्येची काळजीच सोडा."

रविवारी चांदसाबनं मैदानावर दोन पखाली पाणी मारलं आणि लोक बसायच्या बाजूला सात. काळी माती, लोण्यासारखी झाली.

दुपारी लोक ठेवणीतली धोतरं नेसून आले. प्रत्येकाच्या हातात मालक, मिशांवरची शाई अजून ओली. पण बसायचं कुठं? सूतखात्यातल्या मायाक्कानं फोटो बघितला, चिखल बघितला, फोटो खाली अंथरला आणि त्यावर फतकल मारली.

"मायाक्का, पालथा तरी घाल की," चांदसाब म्हणाला.

"सुलटाच बरा. बगू दे मेल्याला."

तिचं बघून त्या कडेची सगळी माणसं फोटो अंथरून बसली. सिदू कुबडी टाकून बसला, तो तर दोनदा सावरून सावरून बसला. टाळ्या कोण वाजवत नाही ते टिपायला जॉबर लोकांतच होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, धोतर बघितलं आणि हळूच तोही बसला.

मालकाची मोटार आली. "उटा," जॉबर ओरडला. सगळे उठले, टाळ्यांचा कडकडाट केला. मालक हसत हसत पुढं आला आणि त्याची नजर खाली गेली. चिखलात जिथं बघावं तिथं तोच, चेपलेला. धरायचं कुणाला? समोर सगळे अदबीनं उभे.

"कागदं उचला रं," म्हणत जॉबर लोकांकडं वळला आणि त्याची पाठ मालकाकडं झाली. पांढऱ्या धोतरावर, ऐन बैठकीच्या जागी, मालकाच्या मिशा उमटल्या होत्या.

मालक बराच वेळ त्या मिशांकडं बघत राहिला. मग म्याच न बघताच मोटारीत बसला.

मंगळवारी मालकाची दोन माणसं आली आणि गोदामाच्या खुंट्या उपटून घेऊन गेली. त्यांच्या मागोमाग जॉबर आला.

"चांद्या, येवडं पानी मारायला कुनी सांगितलं हुतं?"

"तुमीच की. धुरळा नगं म्हनला." चांदसाबनं पखालीचं तोंड आवळलं. "पानी मी मारलं, सायेब. बसला तुमी."