आपोआप न थांबणारी तोटी

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली ब्युरेट बोलतेय. काचेची उंच नळी, अंगावर आकडे, खाली तोटी. बावीस वर्षं स्टँडला टांगलेली आहे आणि खरं सांगू का, माणसांना पार विटले आहे.

वर्गातली मुलं तीन वर्षं माझ्यासमोर येतात, पण माझा थेंब कुणी मोजत नाही. वरच्या वर्गातल्या कुणाचं जर्नल मिळालं की उत्तर तयार: दहा पूर्णांक दोन. हजेरी लागली की गंगेत घोडं न्हालं.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेला एक बाई आल्या. साबणाच्या कारखान्यात वड्या खोक्यांत भरायचं काम. सगळा अभ्यास ऑनलाइन, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर केलेला. हा पेपर निघाला तर पदवी, आणि पदवी मिळाली तरच कारखान्याच्या तपासणी विभागात बढती. जागा फक्त या महिन्यापुरती राखून ठेवली होती.

बाईंनी तोटी उघडली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी आपली वाहतेय. खालच्या चंबूतलं द्रावण गुलाबी झालं, मग भडक झालं, तरी बाई ढिम्म.

"मामा, ही थांबत का नाही?" त्यांनी प्रयोगशाळेतल्या मामांना विचारलं.

"तुम्ही बंद केल्याशिवाय कशी थांबेल?"

"स्क्रीनवर रंग आला की आपोआप थांबायची."

हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. अहो शिकवणाऱ्यांनो, परीक्षेच्या आधी एकदा तरी काच हातात द्यायची ना!

बाईंनी चंबू धुतला. आता थेंब थेंब सोडला, गुडघ्यांवर बसून आकडा वाचला. तेरा पूर्णांक चार.

शेजारची मुलगी कुजबुजली, "काकू, दहा पूर्णांक दोन लिहा. दरवर्षी तेच येतं. आम्ही सगळ्यांनी तेच लिहिलंय."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आपला आकडा खोडला. मला इतका संताप आला की तडकायचीच बाकी होते. पण काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा चंबू धुतला, पुन्हा थेंब सोडले. पुन्हा तेरा पूर्णांक चार. त्यांनी तेच लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी वह्या चाळल्या. "यंदा चंबूतलं द्रावण मी स्वतः बनवलंय, नेहमीपेक्षा तीव्र, म्हणजे थेंब जास्तच लागणार. दहा आलंच कसं?" मग बाईंची वही उचलली. "तुमचं बरोबर आहे. तुम्ही कुठल्या वर्गातल्या?"

"वर्ग नव्हता, मॅडम. मोबाईल होता."

मॅडमनी त्यांना पास केलं. मुलांना आठवड्याने पुन्हा बोलावलं, तर ती कुरकुरत निघून गेली.

बाई मात्र मला धूत रेंगाळल्या. "मामा, अजून तासभर थांबू? सगळेच प्रयोग मी नुसते बघितलेत. एखादा हाताने करून बघते."

मामांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. "बाहेरच्यांना परवानगी नाही, ताई."

बाई "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. दाराला कुलूप आहे, मी आत रिकामी उभी आहे. उद्या सकाळी खालच्या वर्गातली मुलं येतील, माझ्याकडे पाठ करून गप्पा मारतील. कुणीतरी त्या बाईंना आत घ्या हो.